मदत हवी आहे: एनएमडीए रिसेप्टरला दोन किल्ल्या, वर आणि बूच! एवढा बंदोबस्त कशाला?

नमस्कार मंडळी. बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव अंबाजोगाई तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. शनिवारी वर्गात पंधरा मिनिटांचा सेमिनार द्यायचाय आणि चिठ्ठीत माझ्या वाट्याला आले मेंदूतले ग्लुटामेट रिसेप्टर, म्हणजे पेशीवर बसून ग्लुटामेटचा निरोप घेणारी प्रथिनं. चार दिवस झाले वाचायलोय. काही कळलं, काही डोक्यावरून गेलं. कळलं ते आधी लिहितो, चुकलो तर कान धरा.

ग्लुटामेट म्हणजे मेंदूतला मुख्य चेतवणारा निरोप्या. त्याचे रिसेप्टर दोन घराण्यांतले. एका घराण्यात रिसेप्टर हाच दरवाजा: ग्लुटामेट बसलं की मधलं भोक उघडतं आणि आयन आत. यात एएमपीए, एनएमडीए आणि कायनेट असे तिघे. ही नावं त्यांना उघडणाऱ्या रसायनांवरून पडलीत. मी दोन दिवस समजत होतो की मेंदूत एनएमडीए नावाचा पदार्थ वाहतो! तसं नाही, तिन्हीकडे खरा निरोप्या ग्लुटामेटच. दुसऱ्या घराण्याला दरवाजा नाही. ते पेशीच्या आतल्या जी-प्रोटीन नावाच्या मध्यस्थाला कळवतात आणि पुढचं काम आत हळू चालतं. असे आठ आहेत, तीन गटांत.

रचना अशी समजली: दरवाजावाल्या रिसेप्टरमध्ये चार उपघटक, म्हणजे जोडलेली चार प्रथिनं. प्रत्येकाचं एक टोक पेशीबाहेर लांब आलेलं, त्याखाली शिंपल्यासारखी दोन पाळ्यांची जागा. ग्लुटामेट तिथं बसलं की शिंपला मिटतो आणि त्या ओढीनं खालचं भोक उघडतं. पेशीपटलात चार तुकडे, पण आरपार जाणारे तीनच. दुसरा तुकडा, एम-२, आतल्या बाजूनं शिरतो आणि अर्ध्यातून तिकडंच परत फिरतो. शेपूट पेशीच्या आत. २००९ मध्ये शास्त्रज्ञ एरिक गूओ यांच्या गटानं जीएलयूए-२ या उपघटकाच्या एएमपीए रिसेप्टरचा पूर्ण आकार दाखवला, तो इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. वर उपघटक दोन-दोनच्या जोड्यांनी आणि खाली भोकाभोवती चौघं सारख्या अंतरावर, असं चित्र आहे. ते वहीत काढताना मी तीन पानं फाडली.

आता अडलंय ते.

एनएमडीए उघडायला ग्लुटामेटबरोबर ग्लायसिनही लागतं म्हणे. पण मज्जारज्जूत ग्लायसिन शांत करणारा निरोप्या, असं मागच्या वर्षी घोकलं होतं. मग इथं तो चेतवणाऱ्याच्या बाजूनं कसा?

दुसरं, दोन्ही बसले तरी भोकात मॅग्नेशियमचं बूच. मग दार उघडून उपयोग काय?

मी एक दाखला जुळवलाय. आमच्या बोअरला ऑटो स्टार्टर आहे. अण्णा संध्याकाळीच तो ऑटोवर टाकून झोपतात, पण थ्री-फेज लाइट रात्री येते. लाइट आली की मोटर आपोआप चालू. बटण आधीच दाबलेलं, पण लाइट नसेल तर पाणी नाही. एनएमडीएचं असंच आहे का? वर्गात अर्धी पोरं शेतकऱ्यांचीच, लगेच पटेल. पण मॅडमनी पकडलं तर?

— शिंपल्यात अडकलेला

प्रतिसाद १: जुना फिजिओलॉजीवाला

दाखला निम्मा बरोबर आहे. निम्म्यावर मॅडम नक्की पकडतील.

लाइट नसताना मोटर बंदच असते. इथं तसं नाही. ग्लुटामेट आणि ग्लायसिन बसले की दार खरंच उघडतं, पण पेशी आतून ऋणभारित असल्यामुळे बाहेरचा मॅग्नेशियम आयन भोकात ओढला जातो आणि तिथंच अडकतो. म्हणजे मोटर फिरतेय आणि पाइपात खडा बसलाय. पेशीचा ऋणभार कमी झाला की खडा सुटतो. हा भार कमी करतो शेजारचा एएमपीए: तो झटकन उघडतो आणि सोडियम आत येतो. तुझ्या चित्रात लाइटच्या जागी एएमपीए लिही. बुचाचा हा उलगडा १९८४ मध्ये दोन गटांनी वेगवेगळा केला.

उपयोग काय, तर हीच खरी गंमत. निरोप आलाय आणि ऐकणारी पेशीही त्याच वेळी चेतलेली आहे, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच एनएमडीएतून कॅल्शियम आत येतं. ते आत आलं की त्या दोन पेशींच्या जोडावर आणखी एएमपीए बसवले जातात, म्हणजे पुढच्या वेळी तोच निरोप जास्त जोरात लागतो. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) हा टिकाऊ जोर दाखवला होता. शिकणं आणि आठवण यांच्या मुळाशी असलेली ही एक मोठी यंत्रणा.

ग्लायसिनचं कोडं सोपं आहे. निरोप्या शांत नसतो आणि तापटही नसतो, ऐकणारा कोण त्यावर सगळं. मज्जारज्जूत त्याचा रिसेप्टर क्लोराइडचं दार आहे, ऋणभारित क्लोराइड आत आला की पेशी शांत होते (कुचल्यातलं स्ट्रिक्नीन तेच दार अडवतं, हे तुम्हा फार्मसीवाल्यांना पाठ असेल). एनएमडीएमध्ये साधारणपणे दोन जीएलयूएन-१ आणि दोन जीएलयूएन-२ असे उपघटक असतात. ग्लायसिन पहिल्यांवर बसतं, ग्लुटामेट दुसऱ्यांवर. मेंदूत बऱ्याच ठिकाणी ग्लायसिनचं काम डी-सेरिन करतं.

जाता जाता: तुझ्या त्या अर्ध्यातून फिरणाऱ्या एम-२ च्या वळणावरच सगळी मेख आहे. एनएमडीएत तिथं ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल असतं, मॅग्नेशियम तिथंच अडतो. जीएलयूए-२ मध्ये त्याच जागी डीएनएत ग्लुटामिन हे अमिनो आम्ल लिहिलेलं असतं, पण आरएनएत दुरुस्ती होऊन प्रथिनात आर्जिनिन हे दुसरंच येतं. म्हणून जीएलयूए-२ असलेले एएमपीए कॅल्शियमला जवळपास आत घेत नाहीत. एका अमिनो आम्लावर एवढं अवलंबून!

प्रतिसाद २: डाळमिलवाला, लातूर

मी काही मेंदूतला नाही, डाळीतला. पण आमच्या धंद्यात लाखेची डाळ, विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, ती तुरीत मिसळायची भीती जुनी. दुष्काळात महिनोन् महिने तीच खाल्ली की पाय कायमचे आखडतात, त्याला लॅथिरिझम म्हणतात. तिच्यातलं ओडॅप हे ग्लुटामेटच्या तोंडवळ्याचं अमिनो आम्ल आहे आणि ते एएमपीएला चेतवतं. पेशी अति चेतून मरतात. १९६१ मध्ये केंद्रानं विक्रीवर बंदी आणली होती. पोरा, सेमिनारची सुरुवात यानं कर, शेवटच्या बाकावरचे पण जागे होतील.

प्रतिसाद ३: शिंपल्यात अडकलेला

सर, काका, दोघांचे आभार. खड्याचा दाखला घेतला. अण्णांना सांगितला तर म्हणाले, खडा पाइपात नाही, फुटव्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि तोही विहिरीच्या मोटरीला, बोअरला फुटव्हॉल्व्ह असतोय का! म्हणून आता चित्रात विहीर काढलीय.

एकच शेवटचं. केटामाइन हे भुलीचं औषध एनएमडीएला अडवतं असं वाचलं. ते ग्लुटामेटच्या शिंपल्यात बसतं ना?

प्रतिसाद ४: जुना फिजिओलॉजीवाला

नाही. केटामाइन भोकाच्या आत बसतं, म्हणजे दार आधी उघडावं लागतं. अल्झायमरमध्ये देतात ते मेमँटिनही भोकातच, पण ते लवकर सुटतं. एपिलेप्सीचं पेरॅम्पॅनेल मात्र एएमपीएवर चालतं, आणि तेही शिंपल्यात न बसता दुसऱ्याच जागी. तीन औषधांसाठी तीन बाण काढ, शिंपल्याकडे एकही नको.

अण्णांना नमस्कार सांग. फुटव्हॉल्व्हचं त्यांचंच बरोबर.