प्रति: तलवारबाजी धूसर दिसते कारण फिल्म जुनी आहे?

हाँगकाँग-तैवानच्या जुन्या सिनेमांत फिल्म जुनी म्हणून तलवारी धूसर दिसतात, हे वर मांडलेलं मत अर्धंच पटतं. दिग्दर्शक किंग हूच्या 'अ टच ऑफ झेन' या तलवारबाजीच्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह बरीच शाबूत होती; २०१४ साली तिच्यावरूनच फोरके रिस्टोरेशन (डिजिटल दुरुस्ती) झालं. हाँगकाँग-तैवानच्या बऱ्याच जुन्या डीव्हीडींचा खरा घोळ पाल-टू-एनटीएससी रूपांतराचा, म्हणजे एका टीव्ही पद्धतीतून दुसरीत जाण्याचा. आधी सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म २५ ने पळवायची (१८० मिनिटांचा सिनेमा १७३ मध्ये उरकतो, आवाजही किंचित चढतो), मग सेकंदाला ५० फील्डची (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी फ्रेम) ६० करताना शेजारची फील्ड एकमेकांत मिसळायची. परिणामी एका हातात दोन तलवारी!

किंग हूला हे जास्तच भोवतं. बांबूच्या वनातल्या झुंजीत त्याचे काही शॉट जेमतेम काही फ्रेमचे आहेत. कटवर फील्ड मिसळली की दोन शॉट एकमेकांवर चढतात आणि लढणाऱ्याची झेप कळतच नाही.

डिस्क तपासायची तर वेगवान हालचालीवर पॉज करून एकेक फ्रेम पुढे न्या. तीन स्वच्छ, दोन कंगव्यासारख्या दातेरी, असा क्रम आला तर तो साधा ३:२ पुलडाउन, म्हणजे २४ फ्रेम ६० फील्डमध्ये बसवण्याची नेहमीची पद्धत. ती उलटवणाऱ्या इन्व्हर्स टेलिसिनेने २४ फ्रेम परत मिळतात. पारदर्शक दुहेरी प्रतिमा दिसली तर मात्र प्लेअर किंवा टीव्हीच्या सेटिंगशी झटापट करू नका, ती डिस्क ज्यावरून काढली त्या मास्टरमध्येच कायमची उमटलेली असते. नव्या रिस्टोरेशनवरून काढलेली ब्लू-रे घ्या. आणि टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर तिथेही अशा भुतासारख्या प्रतिमा येतील.