एक किलवरनंतरचे रिले : समतोल हात कोणत्या पायरीवर बसवावा?

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला आलो की राजारामपुरीतल्या आपल्या बैठकीत आमची जोडी बसवाल, असे आपण मागे लिहिले होते. त्याआधी ब्रिजमधली आमची बोलीची पद्धत पक्की व्हावी म्हणून आमचा आराखडा मंडळाच्या यादीवरच पाठवत आहे, म्हणजे इतरांनाही मत देता येईल.

16 किंवा अधिक गुणांना (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) उघडणाऱ्याने 1 किलवर म्हणायचे. उत्तर देणाऱ्याकडे 8 पेक्षा कमी गुण असतील तर 1 चौकट. 8 किंवा अधिक असतील तर गेम (बोनस मिळवून देणारी बोली) होईपर्यंत थांबायचे नाही आणि 1 बदामापासून वर आपली वाटणी, म्हणजे कोणत्या रंगाची किती पाने, सांगत जायची. जोरदार हाताने स्वतःबद्दल काही न सांगता दर वेळी लगतची स्वस्त बोली लावून फक्त विचारत राहायचे, हेच रिले. 4-3-3-3, 4-4-3-2 आणि 5-3-3-2 हे समतोल आकार मिळून सुमारे 47.6 टक्के हात होतात, म्हणून 1 बदाम हे सर्वांत स्वस्त उत्तर त्यांनाच द्यावे, असे मला वाटते. आपले मत कळवावे.

आपला,
धाकटा भिडू

* * *

चि. भिडूस अनेक आशीर्वाद.

टक्केवारी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. रिलेमध्ये हात किती वेळा येतो यापेक्षा त्या गटात किती निरनिराळ्या वाटण्या कोंबायच्या आहेत हे आधी पाहावे लागते.

पूर्ण वाटणी उशिरात उशिरा 3 नो ट्रंपला कळली पाहिजे असे धरू. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रंप (हुकुमाविना) या चढत्या क्रमाने 1 बदामापासून तिथपर्यंत 13 बोल्या आहेत. प्रत्येक उत्तरानंतर एक बोली प्रश्नात खर्च होते, हे लक्षात घेऊन मोजले तर 1 बदामाच्या पोटात 144 वाटण्या मावतात, 1 इस्पिकच्या 89, 1 नो ट्रंपच्या 55, 2 किलवरच्या 34, आणि वरच्या बोल्या धरून एकूण 377. (लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरून मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना हेमचंद्राने बाराव्या शतकात जो नियम सांगितला, म्हणजे प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज, तोच इथे लागू पडतो, आपल्या यादीवरच्या कविमंडळींना हे आवडेल.)

आता वाटण्या पाहू. चार रंगांत 13 पाने पडण्याचे प्रकार 560 आहेत. त्यांतल्या 336 प्रकारांत एखादा रंग 7 किंवा अधिक पानांचा असतो, पण असे हात प्रत्यक्षात सुमारे 4 टक्केच येतात, त्यामुळे त्यांना उरल्यासुरल्या जागांत ढोबळमानाने बसवले तरी चालते. राहिले 224, आणि त्यांत समतोल अवघे 28. म्हणजे तुझ्या मांडणीत 144 खणांच्या वाड्यात 28 जण ऐसपैस राहणार आणि इस्पिकची चार किंवा अधिक पाने असलेल्या 96 असमतोल वाटण्या 1 इस्पिकच्या 89 जागांत शिरायला धडपडणार.

म्हणून 1 बदाम हे उत्तर या इस्पिकवाल्या 96 वाटण्यांना द्यावे. इस्पिकची चार पाने नाहीत पण बदामाची आहेत अशा असमतोल वाटण्या 62; त्यांना 1 इस्पिक. दोन्ही मोठ्या रंगांत (इस्पिक आणि बदाम) चारपेक्षा कमी पाने असलेल्या असमतोल 38. त्यांना 1 नो ट्रंप. समतोल हाताला 2 किलवर. 96, 62, 38 आणि 28 यांना अनुक्रमे 144, 89, 55 आणि 34 जागा मिळतात, आणि कुठेही ओढाताण होत नाही.

2 किलवरचे पोट उघडून पाहा. 2 चौकट विचारल्यावर 2 बदाम हे उत्तर 4-4-3-2 चे. त्याचे 12 प्रकार आणि जागा 13. 2 इस्पिक म्हणजे मोठ्या रंगाची पाच पाने असलेला 5-3-3-2, 6 प्रकार आणि जागा 8. 2 नो ट्रंप म्हणजे 4-3-3-3, 4 प्रकार आणि जागा 5. 3 किलवरला किलवरच्या पाच पानांचे तिन्ही प्रकार नेमके बसतात, आणि चौकटचे तीन 3 चौकट व 3 बदाम यांत मिळून. उघडणाऱ्याचा हातही 16 गुणांचा आणि समतोल असेल, तर यातले काहीही न विचारता त्याने सरळ 3 नो ट्रंप म्हणावे. निम्मे हात 2 किलवरपासून सुरू होतात याचे ओझे त्यामुळे वाटत नाही.

एक उणीव राहते. लहान रंगांचा हात 1 नो ट्रंप आधी बोलत असल्यामुळे पुढे नो ट्रंपच ठरले तर डाव तोच खेळतो आणि जोरदार हात टेबलावर उघडा पडतो. ही किंमत मी खुशीने मोजतो, कारण अशा हातात एखादा मोठा रंग बहुधा आखूड असतो आणि तो आखूडपणा आधी कळणे अधिक मोलाचे ठरते. वाटणी कळल्यावरची लगतची बोली एक्क्याचे 2 आणि राजाचा 1 या हिशेबाने ताकद विचारणारी ठेवा. फक्त 3 नो ट्रंप ही बोली तिथेच थांबण्यासाठी राखून ठेवावी आणि त्या ठिकाणी प्रश्न 4 किलवरने विचारावा.

इस्पिक आणि बदाम या दोन्ही गटांत सारख्या आकाराचा शेवट शक्य तिथे सारख्याच बोलीवर आणा. बोली चालू असताना तक्ता पाहायला इथे कोणी देणार नाही.

काका

* * *

आदरणीय काका,

मांडणी पटली. प्रतिस्पर्धी मध्ये बोलले तर पास ही पहिली पायरी आणि डबल (त्यांच्या बोलीची किंमत दुप्पट करणारी हाक) ही दुसरी धरून रिले चालूच ठेवावेत का?

आपला,
धाकटा भिडू

* * *

चि. भिडूस,

1 बदामापर्यंत जरूर ठेवावेत. त्यांनी 1 किलवरला डबल दिले तर पास आणि रिडबल अशा दोन पायऱ्या तुम्हांला फुकट मिळतात, 1 चौकट म्हटले तर एक मिळते, 1 बदाम म्हटले तर हिशेब बरोबरीत सुटतो. 1 इस्पिकला मात्र एक पायरी जाते, पहिल्या सकारात्मक उत्तराच्या 144 जागांच्या 89 होतात आणि त्या 96 वाटण्या पुन्हा रस्त्यावर येतात. तिथून वर रिले सोडून द्या आणि आपापला लांब रंग सरळ बोला. इथली मंडळी पानांकडे फारसे न पाहता 1 इस्पिक घुसवतात, म्हणून त्या भागाचा सराव आधी करून या.

काका