हलकेपणा नंतर, आधी छर्रे बघा

दिवसभर पायपीट करत लावे, फेझंट असे पक्षी मारायला छर्ऱ्यांची बंदूक २० बोअर घ्यावी, २८ की ४१०, असा प्रश्न आहे. (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तशी नळी अरुंद, आणि ४१० या तिघींत सर्वांत अरुंद.) माझं मत स्पष्ट आहे: पहिली बंदूक २० बोअरच. तिच्या काडतुसात साधारण २५ ते २८ ग्रॅम छर्रे असतात, २८ बोअरमध्ये २१, आणि ४१०च्या अडीच इंची काडतुसात जेमतेम १४. छर्रे कमी म्हणजे फेक विरळ, आणि विरळ फेकीतून पक्षी जखमी होऊन झाडीत निसटतो. मला ते सहन होत नाही. ४१० मुरलेल्या नेमबाजानेच वापरावी.

फार हलकी बंदूक चढावर सुखाची खरी, पण फडफडत उठलेल्या पक्ष्यामागे फिरवताना हात मध्येच थांबतो आणि बार मागे पडतो. घेण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री करा, डोळे मिटून खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नजर सरळ नळीवरून जात नसेल, तर दस्ता तुमच्या मापाचा नाही.

घरात १२ बोअरही असेल तर २०ची पिवळी काडतुसं वेगळ्या पिशवीत ठेवा. चुकून भरलेलं २०चं काडतूस १२च्या नळीत पुढे सरकून अडकतं, आणि त्यामागे दुसरं घालून बार काढला तर नळी फुटते.