मदत हवी आहे: उबंटू टाकल्यापासून प्रिंटर गप्प

शाहूपुरीकर
दुकानातला जुना पीसी विंडोज ११ घेईना, म्हणून उबंटू टाकलं, विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स. बाकी सगळं झकास, प्रिंटर तेवढा ढिम्म. कंपनीच्या साइटवर विंडोज आहे, मॅक आहे, लिनक्सच्या नावानं बोंब. पैसे घेताना सूट दिली नव्हती, मग ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, द्यायला काय होतंय? सकाळी माणसं सातबाऱ्याला येणारेत. लवकर सांगा.

उद्यमनगरचा_फिटर
मॉडेल कुठलं? यूएसबी की वायफाय? उबंटू कितवं?

शाहूपुरीकर
लेझर. काळापांढरा. सगळ्या झेरॉक्सवाल्यांकडं असतो तोच.

उद्यमनगरचा_फिटर
भावा, आम्ही काय ज्योतिषी हाय? टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एलएसयूएसबी (lsusb) टाक, यूएसबीला काय जोडलंय ते दिसेल. प्रिंटरची ओळ इथं चिकटव.

रंकाळाकाठ
उबंटू काढा, मिंट टाका, तेही लिनक्सच. माझं कधीच अडलं नाही.

पेठेतला_मास्तर
मिंट उबंटूवरच उभं आहे. बिचाऱ्याला रात्रभर फॉरमॅट करत बसवू नका.
स्वस्त लेझरला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरांच्या नेहमीच्या बोल्या कळतच नाहीत. पानाचे ठिपके पीसीवरचा ड्रायव्हर पाडतो आणि कंपनीच्या खासगी बोलीत पाठवतो. म्हणून तर तो स्वस्त. ती बोली कंपनी उघड करत नाही, आणि मूठभर गिऱ्हाइकांसाठी दर नव्या आवृत्तीला ड्रायव्हर तपासत बसणं तिला परवडत नाही. दुखणं जुनंच आहे: १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात स्टॉलमन, पुढं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारणारा, प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर (सोर्स कोड) मिळाला नाही म्हणूनच बिथरला होता.

रंकाळाकाठ
मूठभर? निम्मं इंटरनेट लिनक्सवर चालतंय!

पेठेतला_मास्तर
त्या सर्व्हरांना प्रिंटर कोण जोडतंय?

गुळाची_ढेप
इंकटँक घ्या. पान पैशात पडतं.

शाहूपुरीकर
इंकटँक कुणी विचारलंय? आणि हो, कंपनीचा एक जुना लिनक्स ड्रायव्हर मिळालेला, ३२ बिटचा. इन्स्टॉल झाला, पण कागद हलत नाही.

उद्यमनगरचा_फिटर
हे आत्ता सांगतोस! तुझं उबंटू ६४ बिटचं असणार. आय३८६, म्हणजे ३२ बिटचं, आर्किटेक्चर जोडून ३२ बिटच्या लायब्रऱ्या (ड्रायव्हरला लागणाऱ्या जोडफाइली) टाकाव्या लागतात, नाहीतर रांगेत काम दिसतं आणि पुढं काहीच होत नाही. पुढच्या वेळी घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर बघ, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सकाळपुरतं पीडीएफ करून शेजारच्या दुकानातनं काढ.

शाहूपुरीकर
शेजारी चुलतभावाचं दुकान आहे. बोलणं बंद आहे.

उद्यमनगरचा_फिटर
मग बस लायब्रऱ्या टाकत. मॉडेल सांग आधी.