झिको प्रशिक्षक म्हणून कमी पडला का?

फातोर्ड्याचा प्रेक्षक
20 डिसेंबर 2015, आयएसएलची (इंडियन सुपर लीग) अंतिम लढत. ब्राझीलचा महान खेळाडू झिको तेव्हा आपल्या एफसी गोवाचा प्रशिक्षक. 87व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक जाळ्यात गेली, एफसी गोवा 2-1 पुढे. शेजारच्या अनोळखी माणसाने मला कडकडून मिठी मारली. त्याचे हात माझ्या गळ्यातून सुटले नव्हते तोवर आपल्याच गोलरक्षकाकडून स्वयंगोल, आणि भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल. चषक चेन्नईयिनचा.
2006च्या विश्वचषकातही हेच. झिकोच्या प्रशिक्षणाखालचा जपान ऑस्ट्रेलियाविरुद्ध 84व्या मिनिटापर्यंत 1-0 पुढे होता, हरला 3-1. खेळाडू म्हणून मी त्याला हात जोडतो. पण आघाडी राखायला त्याने संघाला शिकवलंच नाही.

मडगावकर
साफ चूक. त्याच जपानने 2004च्या आशिया चषकात बहरीनविरुद्ध दहा खेळाडूंनिशी, 90व्या मिनिटाला बरोबरी साधली, जादा वेळेत 4-3 जिंकून पुढे चषकही आणला. शेवटच्या मिनिटांचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडा.
आणि आपल्याला त्याने काय दिलं? पहिल्या वर्षी उपांत्य फेरी, तीही पेनल्टीवर हुकली. दुसऱ्या वर्षी साखळीत अव्वल, मुंबईला 7-0. रोमियो फर्नांडिस, मंदार राव देसाई ही आपली गोंयची पोरं त्याच्या हाताखाली खेळली. रोमियो तर ब्राझीलच्या क्लबकडून खेळून आला! चषकापेक्षा मला हे मोठं वाटतं.

डाव्या बगलेवरून
2016 कसं विसरता? तोच झिको आणि गोवा तळाला. जपानमध्ये काशिमा क्लबच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, तो जपानी फुटबॉल उभा केल्याबद्दल. तो मान वेगळा, डगआउटमधलं प्रशिक्षकाचं काम वेगळं.

फातोर्ड्याचा प्रेक्षक
@मडगावकर, बहरीनविरुद्ध जपान मागे होता. मागे असताना त्याचे संघ जीव तोडून खेळतात, हे मान्यच. माझा प्रश्न पुढे असतानाचा आहे. आपल्याला फक्त तीन मिनिटं आणि भरपाई वेळ काढायची होती.

मडगावकर
मग 2008ची चॅम्पियन्स लीग घ्या. झिकोचा तुर्की क्लब ‘फेनरबाहचे’ विरुद्ध चेल्सी, इस्तंबूलचा उपांत्यपूर्व सामना. फेनरबाहचेच्याच देविदने आधी स्वयंगोल केला. झिकोने त्याला मैदानावरच ठेवलं, आणि त्यानेच 81व्या मिनिटाला 2-1 केलं. पुढची नऊ मिनिटं समोर चेल्सी होती, आघाडी गेली नाही. परतीचा सामना 0-2 हरले, ते खरं. पण त्या नऊ मिनिटांचं काय?