तार गंधार: खर्ज वाढवावा की पट्टी उतरवावी?

विद्यार्थिनी काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा तिचा सा) गाते, तार गंधारावर (वरच्या सप्तकातल्या ग वर) आवाज फाटतो, म्हणून तिला रोज तासभर खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज) सांगितलाय, असं एका शिक्षकांनी लिहिलंय; खर्ज आणखी वाढवावा की पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, उतरवावी, असा प्रश्न आहे. खर्ज हवाच, पण तासभर कशाला? काळी चारला मंद्र षड्ज (खालच्या सप्तकातला सा) बहुतेक मुलींना लागतच नाही. नुसती घरघर होते. मंद्र पंचमापर्यंत (खालच्या प पर्यंत) उतरलं तरी पुरे. पंधरा-वीस मिनिटं, एका दमात एकच स्वर, हनुवटी छातीकडे न दाबता. नंतर बोलताना आवाज बसल्यासारखा वाटला तर दाब जास्त होतोय.

फाटण्याचं मूळ बहुधा वेगळं असतं. मध्य सप्तकातला जड, भरीव आवाज तसाच वर ओढला की गळा आवळतो आणि एका जागी तुटतो. प ध नि सां रें गं हा टप्पा आधी निम्म्या आवाजात ‘ऊ’कारावर घ्या, खांदे न उचलता. तो सलग लागला की त्याच वजनात ‘आ’कार. एकदम जोर लावला की पहिले पाढे पंचावन्न.

तरीही दोनेक महिन्यांत फरक नसेल तर पट्टी उतरवा, त्यात कमीपणा कसला? फक्त थेट काळी तीन नको, मध्ये पांढरी पाच आहे. तानपुरा खालच्या पट्टीत लावल्यावर जवारीचा दोरा (घोडीवर तारांखाली असतो, नाद खुलवतो) पुन्हा सरकवून लावा. तारा ढिल्या पडून नाद बोथट झाला, तर मुलगी बेसूरच शिकेल.

आणि सर्दी-खोकल्यात तार सप्तकाचा रियाज बंद. आवाज आठवडाभरापेक्षा जास्त घोगरा राहिला तर काढे पुरे, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.