कामगारांच्या कौशल्यांचा तक्ता भिंतीवर लावावा का?

रबाळे_प्रॉडक्शन

मंडळी, रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या गिअर कारखान्यात मी प्रॉडक्शन बघतो. 34 माणसं आहेत. गेल्या मार्चमध्ये हॉबिंग मशीनवरचे (गिअरचे दात कापणारं मशीन) काका 58 पूर्ण करून निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. पंधरा दिवसांनी हेलिकल, म्हणजे तिरप्या दातांच्या गिअरची ऑर्डर आली आणि सेटिंग कोणालाच जमेना. हेलिकलला मशीनमध्ये डिफरन्शियलचे चेंज गिअर, म्हणजे जॉबप्रमाणे बदलायचे गिअर, लावावे लागतात. त्यांचं गुणोत्तर दशांशाच्या पुढच्या पाच-सहा आकड्यांपर्यंत जुळवावं लागतं, नाहीतर दाताचा तिरपेपणा चुकतो आणि अख्खा जॉब भंगारात. काकांची सगळी कोष्टकं खिशातल्या एका डायरीत होती, आणि डायरी त्यांच्याबरोबर घरी गेलेली. ठाण्याला गाडी बदलून मी कळव्याला त्यांच्याकडे गेलो. तेलाचे डाग पडलेली, रबरबँड लावलेली ती डायरी त्यांनी लगेच काढून दिली, वर दोन दिवस येऊन एका मुलाला शेजारी उभं करून शिकवलं. तरी ऑर्डर नऊ दिवस रखडलीच.

तेव्हापासून मी तक्ता करतोय. आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत कामं, प्रत्येक चौकटीत एक गोल. पाव भरलेला म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे सोबत कोणी असेल तर करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. ही कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांमध्ये नवख्यांची भरती झाली, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या कार्यक्रमात फोरमनना असाच तक्ता करायला शिकवत. युद्धानंतर तो जपानात गेला आणि टोयोटाने उचलला.

माझं म्हणणं एवढंच: तक्ता आडवा वाचू नका, उभा वाचा. ज्या रकान्यात पूर्ण गोल एकच आहे आणि त्या माणसाची तीन वर्षं उरलीत, तिथे आजच शिकाऊ लावा. पुढच्या वर्षीची भरती, आयटीआयचे अप्रेंटिस किती आणि कोणत्या ट्रेडचे घ्यायचे, हे त्यावरूनच ठरावं. आणि तक्ता भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा हवा. तुम्हाला काय वाटतं?

दिघ्याचा_फिटर

साहेब, ठाम विरोध. आमच्या जुन्या कंपनीत असाच तक्ता लागला. आम्ही खरं खरं भरलं, जे येत नाही तिथे रिकामं ठेवलं. आठ महिन्यांनी कंत्राटी पोरं कमी करायची वेळ आली तेव्हा सुपरवायझर तोच कागद घेऊन बसला होता. ज्यांची ओळ रिकामी, त्यांना गेटबाहेर. त्यातल्या एकाला मी स्वतः शाफ्ट अलाइनमेंट (दोन शाफ्ट एका रेषेत आणणं) शिकवत होतो, डायल लावून रीडिंग घेण्यापर्यंत आला होता. तुम्ही उभा वाचाल हो, वरचे आडवाच वाचतात.

ऐरोली_एचआर

मी तक्त्याच्या बाजूने आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. गोलांना 1 ते 4 आकडे देऊन सरासरी काढू नका. आमच्याकडे मॅनेजमेंटला सरासरीच हवी असते, मी दर वेळी भांडते. समजा एका रकान्यात दोघं 4 वर आहेत आणि दोघं 1 वर: सरासरी 2.5. दुसऱ्यात दोघं 3 आणि दोघं 2: तीही 2.5. पहिल्याकडे शिकवणारे आहेत, दुसऱ्याकडे एकही नाही. स्क्रीनवर दोन्ही चौकटी त्याच पिवळ्या रंगात दिसतात. गोलांऐवजी लाल-हिरवे रंगही नकोत. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं प्रत्येक मोठ्या शिफ्टमध्ये असतात, म्हणून भरलेला गोलच बरा.

दुसरं, निवृत्तीचं वर्ष नावापुढे लिहू नका. रकान्याच्या तळाशी लिहा: '2026ला किती पूर्ण गोल, 2029ला किती उरतील'. नियोजनाला तेवढं पुरतं.

वागळे_क्वालिटी

ऑडिटसाठी म्हणून लावत असाल तर गरज नाही. आयएसओ 9001:2015 या गुणवत्ता मानकाचं कलम 7.2 सक्षमतेचा पुरावा ठेवा म्हणतं, भिंतीवर लावा म्हणत नाही. मात्र त्याच आवृत्तीत 7.1.6 आलं, संस्थेकडचं ज्ञान जपण्याबद्दल. काकांची डायरी नेमकी तिथे बसते. तिची प्रत आधी काढा, तक्ता नंतर.

महापे_सॉफ्टवेअर

आमच्याकडे प्रत्येकाने आपापली पातळी स्वतः भरायची पद्धत होती. बोलकी मुलं स्वतःला 4 देत. जिच्याकडे सगळे अडलेली गोष्ट विचारायला जात, तिने स्वतःला 2 दिले होते. त्या चित्रावरून टीम ठरली आणि प्रोजेक्ट रुतलं. शिवाय वर्षभरात अर्धे रकाने जुने झाले. चित्र देखणं होतं म्हणून कोणी शंका घेतली नाही. गिअरच्या कारखान्यात जमेल, आमच्यात नाही.

रबाळे_प्रॉडक्शन

सॉफ्टवेअरवाले, म्हणूनच आमच्याकडे गोल कोणी स्वतः भरत नाही. नवा माणूस जॉब लावतो, जुना शेजारी उभा राहून बघतो, पहिला नग गेजवर बरोबर आला की दोघं मिळून पेनने गोल वाढवतात. दर तीन महिन्यांनी परत बघतो. डायरीची झेरॉक्स झालीय, क्वालिटीवाल्यांचं मान्य.

फिटर दादा, तुमचा मुद्दा जिव्हारी लागला. भिंतीवर फक्त रकाने आणि त्यातली संख्या लावतो, नावांचा कागद माझ्याकडे. आणि कमी करताना हा कागद वापरायचा नाही, हे मालकांकडून लिहून घेतो.

दिघ्याचा_फिटर

लिहून घेतलंत तर ती प्रत नोटीस बोर्डावर लावा, मग मानतो. पण एक राहिलंच. पूर्ण गोलवाल्याला काय? आमच्याकडे तोच रविवारी बोलावला जायचा, रात्री फोनही त्यालाच, आणि पगार पाऊणवाल्याइतकाच. शिकवायला दिवसाचे दोन तास गेले की त्याचं स्वतःचं प्रॉडक्शन पडतं आणि इन्सेंटिव्ह कापला जातो. काकांनी डायरी खिशात का ठेवली असेल, हे कधी विचारलंत का त्यांना?

रबाळे_प्रॉडक्शन

नाही विचारलं. रविवारी कळव्याला जातोय, विचारतो. शिकवण्याचे तास प्रॉडक्शनमध्ये धरण्याबद्दल सोमवारी मालकांशी बोलतो, काय झालं ते इथेच लिहीन.